चाकावरचा रंधा

"जे सिमेंटात गाडलं, ते जागेवाल्याचं," दयानंद म्हणाला आणि बुटाच्या टोकानं त्यानं रंधा मशीनच्या बुडाशी असलेल्या बोल्टाला हळूच ठोकर मारली.

अमीरबी तेव्हा सागाची फळी मशीनवरून ढकलत होती. तिनं फळी पार पलीकडं जाऊ दिली, मग बटण दाबलं आणि पातं फिरायचं थांबेपर्यंत तोंड उघडलं नाही. चालत्या रंध्यावर बोलायचं नाही, हा तिच्या नवऱ्यानं घालून दिलेला नियम होता, आणि नवरा गेला तरी तिनं तो मोडला नव्हता.

"आता म्हणा, काय म्हणत होता ते," ती म्हणाली.

दयानंद म्हणजे अण्णारावांचा थोरला. लातूरच्या औसा रोडच्या मागं अण्णारावांचं वावर होतं आणि वावराच्या कडेला कडब्याची एक लांबलचक शेड. अमीरबीनं ती भाड्यानं घेतली तेव्हा आजूबाजूला बाभळी होत्या आणि संध्याकाळनंतर इकडं कुणी फिरकत नसे. मग शहरात क्लासचं पीक आलं. दहावी-बारावीची पोरं परभणीहून, बीडहून, नांदेडहून बॅगा घेऊन उतरू लागली. बाभळी गेल्या, वावराचे प्लॉट पडले आणि बघता बघता शेडच्या तिन्ही बाजूंना हॉस्टेलं उभी राहिली. त्या हॉस्टेलांमधल्या निम्म्याअधिक कॉट आणि टेबलं अमीरबीच्या रंध्याखालून गेलेली होती. आता दयानंदला शेड पाडून स्वतःचं हॉस्टेल बांधायचं होतं.

"जागा जूनच्या आत मोकळी पाहिजे," दयानंद म्हणाला. "मशीन मात्र राहू द्या. तसंबी उपटायला गेलात तर तुटणार. माझे सुतार वापरतील. आन तुमचं काम कुठं जातंय, भाभी? तुमीच चालवा की. पगार देतो."

अमीरबीनं हातातला भुसा झटकला. "माझ्याच मशीनवर मला पगार?"

"जमीन आमची हाय."

"जमीन घ्या. जमीन मी कुठं नेऊन राहिले?"

"तेच तर म्हणतोय," दयानंद हसून म्हणाला. "जमिनीत जे रोवलंय, तेबी कुठं जात न्हाई."

तो गेला तरी अमीरबी बराच वेळ त्या चार बोल्टांकडं बघत उभी होती. कायदा काय म्हणतो ते तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायला ती कुणाकडं जाणारही नव्हती. पण ही गोष्ट तिच्या बाबतीत पहिल्यांदा घडत नव्हती. राग त्याचाच जास्त आला.

तिचा नवरा जहांगीर मिस्त्री तेरणेकाठच्या एका गावात दारं-चौकटी करायचा. हैदराबादेहून ओतीव लोखंडाचं, बिडाचं, जुनं रंधा मशीन त्यानं आणलं, गावात पहिल्यांदाच असं काही आलं म्हणून लोक बघायला जमले. जहांगीरनं खोल खड्डा खणून, वाळू-खडी-सिमेंट ओतून त्यात चार बोल्ट रोवले आणि मशीन बसवलं. "आता भुई हलली तरी हे हलणार न्हाई," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. फळी तो एका बाजूनं ढकलायचा आणि दुसऱ्या बाजूनं धरायला अमीरबी असायची. धरता धरता ती ढकलायलाही शिकली. सासूला ते आवडायचं नाही, पण जहांगीर म्हणायचा, "अम्मी, दुसरा माणूस ठेवला तर तो हिच्याइतका नीट धरील का?"

भूकंप झाला त्या पहाटे अमीरबी बाळंतपणाला उदगीरला माहेरी होती. लेक लायबा अजून अंगावर पीत होती. परत येऊन पाहिलं तर गल्लीच नव्हती. दगड-मातीच्या भिंती आणि वरचं माळवद, सगळं एका ढिगात. जहांगीर आणि सासू त्याच ढिगाखाली गेली. जवानांनी ढीग उपसला तेव्हा मशीन जसंच्या तसं उभं निघालं. बोल्टांनी त्याला धरून ठेवलं होतं.

तिचा दीर अकरम टेम्पो चालवायचा. त्यानं भंगारवाला आणून उभा केला. "भाभी, हे लोखंड इकून टाका. पोरीकडं बघा."

"पोरीकडंच बघून राहिले," अमीरबी म्हणाली. "न्हाई इकायचं."

बोल्ट हॅकसॉनं कापून मशीन लातूरला आणलं. तेव्हा भूकंपग्रस्त गावांच्या नव्या घरांना दारं-चौकटी हव्या होत्या, कामाला तोटा नव्हता. एका लाकूड वखारीच्या आवारात तिनं जागा घेतली आणि नव्यानं बोल्ट रोवले. शेजारी करवतीचं टेबलही पक्कं बसवलं. वखारवाल्याचं आणि तिचं बिनसलं तेव्हा त्यानंही हेच ऐकवलं होतं, जमिनीत बसवलेलं जमिनीचं. रंधा तिनं कसाबसा सोडवला. करवतीचं टेबल मात्र तिथंच राहिलं. पुढं कितीतरी दिवस ती वखारीवरून जाताना आपल्याच करवतीचा आवाज ऐकायची.  शेवटी तिनं तो रस्ताच सोडला.

आणि तरीही अण्णारावांच्या शेडमध्ये आल्यावर तिनं पुन्हा खड्डा खणून सिमेंटच ओतलं होतं. मशीन म्हटलं की फाउंडेशन आलंच, असं तिला वाटायचं. जहांगीरनं तेच केलं होतं ना.

दुसऱ्या दिवशी ती पंचशीलाकडं गेली.

पंचशीला आयटीआयमधून वेल्डिंग शिकून आलेली पोरगी, आता चांगली तिशीची बाई झालेली. खिडक्यांच्या ग्रिल आणि हॉस्टेलांचे लोखंडी जिने करायची. तिच्या दुकानात कुणी पुरुष गिऱ्हाईक आलं आणि "मिस्त्री कुठाय?" म्हणालं, की ती तोंडावरची काच खाली ओढून परत वेल्डिंगला लागायची, बोलायचीच नाही. अमीरबीशी तिचं यावरूनच जमलं होतं.

"मला रंध्याला चाकं लावायचीत," अमीरबी म्हणाली.

पंचशीलानं काच वर केली. "रंध्याला? चाची, म्हशीपेक्षा जड धूड हाय ते."

"म्हशीला पाय असतेत."

पंचशीला हसली, पण अमीरबी हसत नाही हे पाहून तिनं हातातली रॉड खाली ठेवली. "बसा. सांगा काय झालं."

चाकं लावणं सोपं वाटत होतं, पण कुठली चाकं हे ठरवताना दोघींनी डोकं धरलं. पंचशीलानं आधी दवाखान्याच्या खाटांना असतात तसली गोल फिरणारी रबरी चाकं आणली. दिसायला झकास. दुकानातल्या फरशीवर लोखंडाची थप्पी रचून त्यांनी रंध्याएवढं वजन त्या चाकांच्या गाड्यावर टाकलं आणि अकरमला ढकलायला लावलं. फरशीवर गाडा गेला, पण दारातल्या उंबऱ्याला लागताच एका चाकाचं रबर चिंधीसारखं फाटून बाहेर आलं. गाडा कलला. अकरमनं पाय मागं घेतला म्हणून पंजा वाचला.

"खुदा के वास्ते, भाभी, सोडा हे," तो पांढराफटक पडून म्हणाला. "दयानंद पगार देतो म्हणतोय तर घ्या ना."

"तू टेम्पो त्याच्या नावावर कर आन त्याच्याकडंच ड्रायव्हर म्हणून ऱ्हा," अमीरबी म्हणाली. "जमतंय का बघ."

अकरमनं फाटलेलं रबर उचलून बाजूला टाकलं. थोड्या वेळानं त्यानंच सुचवलं, की ऑटोरिक्षाचे टायर लावू, हवेचे. खड्ड्यातनंसुद्धा जातात. तेही करून पाहिलं. पंचशीलानं चौकट जोडली, वर तिच्याच दुकानातलं एक जुनं ड्रिल मशीन बसवलं. गाडा गल्लीभर मजेत फिरला. पण ड्रिल चालू केल्यावर सगळा गाडा थरथरू लागला आणि भोक वेडंवाकडं पडलं.

अमीरबीनं ते भोक बोटानं चाचपलं. "रंधा असा थरथरला तर फळीवर लाटा उठतील. लाटांच्या टेबलावर पोरं काय लिहितील?"

"मग चाची, दोन्ही कसं जमायचं? पळायला पाहिजे तर हलणारच. हलायचं न्हाई तर पळायचं न्हाई."

अमीरबी तोच सवाल घेऊन निघाली. घरी आली, रोट्या थापल्या, लायबाला जेवायला वाढलं, पण लक्ष गाड्यातच. गल्लीत भाजीचा ठेला घेऊन एक बाई रोज यायची. ती ठेला उभा करताना दोन लाकडी ठोकळे खाली सरकवायची, म्हणजे ठेला चाकांवर राहतच नसे. अमीरबीनं हे हजारदा पाहिलं असेल. त्या दिवशी ती भाजी न घेताच ठेल्याखाली वाकून बघत बसली. भाजीवालीला वाटलं, हिचं काही पडलं.

"चालताना चाकांवर, काम करताना पायांवर," दुसऱ्या दिवशी तिनं पंचशीलाला सांगितलं. "चार कोपऱ्याला चार जाड बोल्ट उभे लाव. फिरवले की खाली उतरतील आन मशीनला उचलून धरतील. चाकं अधांतरी. मग त्यांनी थरथरायचं कारणच न्हाई."

पंचशीलाला ते पटलं. "मग चाकांना रबरबी नको. लोखंडी घेऊ, रुंद. पण अशी चाकं इथं न्हाई मिळायची. नांदेडला बघावं लागंल."

दोघी सकाळच्या एसटीनं नांदेडला गेल्या. गोदावरीच्या अलीकडं भंगार बाजारात गुरुपादप्पा नावाच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं आवार होतं. तिथं बंद पडलेल्या एका कापड गिरणीचा माल गंजत पडला होता. कापसाच्या गठाणी ओढायच्या ढकलगाड्या होत्या, त्यांची चाकं हातभर उंच, बिडाची, चार बोटं रुंद. अमीरबीनं एक चाक उभं केलं, धक्का दिला आणि ते रस्त्यावर सोडून दिलं. चाक न डगमगता सरळ गेलं आणि समोरच्या ऑटोला जाऊन टेकलं. ऑटोवाला शिव्या देत उतरला.

"तीन द्या," अमीरबी गुरुपादप्पाला म्हणाली.

"तीन?" गुरुपादप्पानं कानाला हात लावला. "गाडीला चार चाकं असतेत, बाई. जोडी न्हाई फोडत मी. चौथं चाक माझ्याकडून कोण घेईल?"

पंचशीलाही म्हणाली, "चाची, चारच घेऊ. तीनवर कलंडलं तर?"

"चार पायांची घडवंची आपल्या रस्त्यावर ठेवून बघ. एक पाय कायम हवेत. तिपाई कधी डुगडुगली का? आपला रस्ता फरशीसारखा असता तर चार घेतली असती." मग ती गुरुपादप्पाकडं वळली. "चौथ्याचं मी काय करू, गळ्यात घालू?"

घासाघीस झाली, चहा झाला. गुरुपादप्पा शेवटपर्यंत कुरकुरत होता, पण त्यानं तीन चाकं काढून दिली आणि त्यांच्या बेअरिंगमध्ये स्वतःच्या हातानं ग्रीस भरून दिलं.

लातूरला आल्यावर पंचशीलानं चौकट जोडायला घेतली आणि पुन्हा एक घोळ झाला. तिनं चाकांच्या वर चौकट ठेवली होती. अमीरबी मापाला उभी राहिली तर मशीनचं तोंड तिच्या छातीला लागणार होतं. ती मुळात ठेंगणी. एवढ्या उंचीवर फळी दाबून धरायची म्हणजे खांदे निखळायचे, आणि हात घसरला तर बोटं पात्यात.

"मग चाकं बाहेर काढते," पंचशीला म्हणाली. "मधे मशीन लोंबतं ठेवू, जमिनीला चार बोटं सोडून. पण रुंदी वाढंल."

"किती वाढंल?"

"तुमच्या शेडच्या गेटातनं जेमतेम निघंल."

अमीरबीनं अकरमला बोलावून टेम्पोच्या मागची रुंदी दोरीनं मापून आणायला सांगितली. गेट आज आहे, उद्या दुसरं असेल. टेम्पो मात्र घरचा होता. त्या दोरीच्या मापानं चौकट झाली. मागं दोन चाकं, मोटरच्या वजनाखाली. पुढं एक, डावी-उजवीकडं वळणारं, आणि त्याला धरून ओढायला लांब दांडी.

मशीन उपटायचा दिवस आला. बोल्ट कापले की ते आखूड होतात, मग नव्या चौकटीत बसत नाहीत. म्हणून अमीरबीनं छिन्नी-हातोडा घेऊन बोल्टांभोवतीचं सिमेंट फोडायला सुरुवात केली. पंचशीला आणि ती आळीपाळीनं घाव घालत होत्या. आवाज ऐकून दयानंद आला.

"हे काय चाललंय?"

"तुमचं सिमेंट तुमाला ठेवून राहिले," अमीरबी म्हणाली. "माझे बोल्ट तेवढे घेते."

दयानंदनं गाडा पाहिला, तीन चाकं पाहिली. मग तो वळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अमीरबी आली तर शेडच्या गेटाला मोठं कुलूप. कागदावर सही केली की कुलूप निघेल, असा निरोप त्यानं ठेवला होता. कागद कसला ते तिनं विचारलंसुद्धा नाही.

तिनं शेडला एक फेरा मारला. पुढची बाजू, छत, खांब, सगळं अण्णारावांचं. पण मागची बाजू जुन्या काळी उघडीच होती. पावसाचा झोत आत येतो म्हणून तिथले पत्रे अमीरबीनं स्वतः आणून, स्वतः शिडीवर चढून बसवले होते.

ती पंचशीलाकडं गेली आणि पाना घेऊन परत आली.

पत्रे उतरवायला वेळ लागला. गंजलेले नट निघता निघत नव्हते. दुपारी सकाळची बॅच सुटली, पोरं हॉस्टेलांकडं परतू लागली आणि गच्च्या-गॅलऱ्या भरल्या. शेवटचा पत्रा खाली आला तेव्हा वरून कुणीतरी शिट्टी मारली. अमीरबीनं पत्रे नीट एकावर एक रचून दोरीनं बांधले. ते तिचे होते, टाकून जायचा प्रश्न नव्हता.

आत रंधा आदल्या संध्याकाळीच नव्या चौकटीत बसवलेला होता. तिनं कोपऱ्यांचे चारही बोल्ट वर फिरवले. चाकं जमिनीला टेकली. अकरम आला होता, पण टेम्पो मागच्या बोळात शिरत नव्हता, मोठ्या रस्त्यावर उभा होता. तिथवर ओढतच न्यायचं होतं.

"अल्लाचं नाव घ्या," अकरम म्हणाला आणि त्यानं मागून खांदा लावला. पंचशीलाही मागं गेली. अमीरबीनं दांडी धरली.

पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग चाकांनी एक करकर काढली आणि रंधा उन्हात आला.

बोळात खड्डे होते, अर्धवट बुजवलेले चर होते, गटारावरची एक फरशी तिरकी झालेली होती. गाड्याचं एकेक चाक खाली-वर होत होतं, पण तिन्ही जमिनीवरच राहत होती. मग ती फरशी आली. पुढचं चाक चढलं, मागची दोन एकामागून एक चढली, फरशी वाजली, पण मोडली नाही. गच्चीवरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. अमीरबीनं वर पाहिलं नाही. घाम डोळ्यांत जात होता आणि दांडी सोडता येत नव्हती.

बोळ जिथं क्लासच्या रस्त्याला मिळतो, तिथं दयानंद मोटारसायकल आडवी लावून उभा होता. त्याच्या मागं जरा दूर, भिंतीला धरून, अण्णारावही येऊन थांबले होते.

"मशीन परत आत घ्या," दयानंद म्हणाला.

"गाडी काढा."

"न्हाई काढत. काय करणार?"

अमीरबीनं दांडी खाली ठेवली. ती गाड्याच्या एका कोपऱ्याला गेली आणि बोल्ट खाली फिरवू लागली. पंचशीलाच्या लक्षात आलं, तिनं दुसरा कोपरा धरला. चारही बोल्ट जमिनीला टेकले, चाकं उचलली गेली आणि रंधा रस्त्याच्या तोंडावर असा बसला, जसा जन्मापासून तिथंच होता. अमीरबीनं पदरानं तोंड पुसलं आणि मशीनच्या गुळगुळीत पाटावर मांडी घालून बसली.

"मग इथंच ऱ्हाते," ती म्हणाली.

दुपारच्या बॅचची वेळ झाली होती. बोळातल्या हॉस्टेलांमधून पोरं निघाली आणि गाड्यापाशी येऊन अडकली. रस्त्यावरून ऑटो आले, तेही अडकले. कुणाचा तरी बाप गावाकडून पोराला भेटायला आला होता, तो डबा हातात घेऊन विचारू लागला, काय झालं, कुणी अडवलंय. पोरं दयानंदकडं बोटं दाखवू लागली. क्लासच्या जिन्यातून एक सर बाहेर आले आणि त्यांनी दयानंदला दटावून विचारलं, की टेस्ट सुरू व्हायची आहे, हा काय तमाशा. दयानंदनं दोघा-तिघांना हाताशी घेऊन गाडा ढकलून पाहिला. गाडा तसूभर सरकला नाही. अमीरबी वर बसलेलीच होती.

"अण्णा, तुमी तरी सांगा हिला!" तो बापाकडं वळून ओरडला.

अण्णारावांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "मी तिला काय सांगू? तू तुझी गाडी काढ."

दयानंदनं मोटारसायकल सुरू केली आणि निघून गेला. जाताना बापाकडं पाहिलंसुद्धा नाही. अमीरबी उतरली, बोल्ट वर केले, दांडी धरली. या वेळी ढकलायला बरेच हात आले. अण्णाराव मात्र भिंतीपाशीच थांबले होते. तिनं जाता जाता त्यांना सलाम केला. त्यांनी मान हलवली की नुसती खाली घातली, ते तिला नीट कळलं नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी सांगितलं तर ते खोटं होईल. दयानंदनं आपल्या ओळखीच्या क्लासवाल्यांना आणि हॉस्टेलवाल्यांना सांगून ठेवलं, या बाईला काम देऊ नका. त्या वर्षी जून कामावाचून कोरडा गेला. रंधा पंचशीलाच्या दुकानामागं ताडपत्रीखाली उभा होता आणि अमीरबी लोकांच्या तुटक्या खुर्च्या दुरुस्त करून दिवस काढत होती. वर्ष उलटत आलं तेव्हा दयानंदनंच माणूस पाठवला. त्याचं हॉस्टेल बांधून झालं होतं, कॉट हव्या होत्या, जुनं विसरून जाऊ म्हणे. अकरमला वाटलं, घ्यावं. घरात पीठ संपत आलं होतं.

"त्याच्या घरात माझ्या हातची फळी जाणार न्हाई," अमीरबी म्हणाली. अकरम दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. तिलाही झोप आली नाही, पण तिनं शब्द फिरवला नाही.

मग पंचशीलाच्या एका नातेवाईक बाईकडून कळलं, की किनवटकडं जंगलातल्या एका निवासी शाळेत मुली अजून जमिनीवर झोपतात. कॉट मंजूर झाल्या होत्या, लाकूडही येऊन पडलं होतं, पण इतक्या आत यायला कुणी सुतार तयार नव्हता. शाळेत वीज असून नसल्यासारखी होती.

"वीज नको," अमीरबी म्हणाली. "इंजिन घेऊन जाऊ."

शेतकरी विहिरीवर लावतात तसलं डिझेलचं जुनं इंजिन अकरमनं कुठूनसं आणलं आणि पट्ट्यानं रंध्याला जोडून पाहिलं. बोल्ट खाली घेतले की इंजिनच्या धक्क्यानंही मशीन जागचं हलत नव्हतं. फळी निघाली ती आरशासारखी. अकरमनं तिच्यावरून तळहात फिरवला, एकदा सरळ, एकदा उलटा, आणि मग गाडा चढवायला टेम्पोला फळ्या लावायला गेला. टेम्पोत गाडा चढवताना दोरीचं माप एवढं नेमकं बसलं, की दोन्ही बाजूंना बोटभरही जागा उरली नाही.

नांदेड सोडून मुदखेडच्या रेल्वे फाटकाशी त्यांना थांबावं लागलं. मालगाडी जाता जात नव्हती. फाटकापाशी चहा विकणाऱ्या बाईनं टेम्पोत डोकावून विचारलं, "काय हाय हे?"

"रंधा मशीन," पंचशीला म्हणाली.

"कुठं बसवायचंय?"

"कुठंच न्हाई," अमीरबी म्हणाली आणि तिनं कप पुढं केला.

किनवटच्या पुढं रस्ता संपला आणि मातीची वाट लागली. शाळेच्या पटांगणात गाडा उतरवला, तर मऊ भुईत पुढचं चाक अर्धं रुतलं. शाळेतली स्वयंपाकीण लक्ष्मम्मा तेलुगू-मराठी मिसळून बोलायची, तिनं आतून दोन लांब पाट आणून चाकाखाली सरकवले आणि पदर खोचून ढकलायलाही आली. तेवढ्यात ऑफिसमधून अधीक्षक आले. त्यांनी टेम्पो, अकरम, गाडा सगळं पाहिलं आणि अकरमला विचारलं, "मिस्त्री तुम्हीच का?"

अकरमनं मान हलवून भावजयीकडं बोट केलं.

अधीक्षकांनी तिच्याकडं पाहिलं, परत अकरमकडं पाहिलं. "बाई चालवतात हे?"

"चालवतेबी आन वढतेबी," अमीरबी म्हणाली. "लाकूड कुठं ठेवलंय, दाखवा."

मोहाच्या झाडाखाली सावली बघून तिनं गाडा उभा केला, चार बोल्टांखाली चार ठोकळे दिले आणि मशीनचा पाट पातळीत आहे का ते वाटीभर पाणी वर ठेवून तपासलं. इंजिनाचा पहिला ठोका पडला तशा खिडक्यांत मुलींची डोकी आली. लक्ष्मम्माला तिनं मशीनच्या पलीकडच्या अंगाला उभं केलं आणि फळी कशी धरायची ते हातानं दाखवलं. ओढायची नाही, फक्त झेलायची. लक्ष्मम्मानं चुलीवर वरण ठेवलं होतं, ते उतू जाईल असं ती म्हणाली. अमीरबी म्हणाली, एवढी एक फळी होऊ द्या, मग जा. मग तिनं पट्टा चढवला, बोलणं थांबवलं आणि फळी पात्याला लावली.